भरीव गोल

१

माझं काम ऐकलं की लोक आधी डोळे मोठे करतात आणि मग जांभई देतात. मी मालवाहू जहाजांवर नजर ठेवतो. खरी जहाजं मी आयुष्यात दोनदाच पाहिलीत, त्यातलं एक तर तरंगतं हॉटेल निघालं. मी बघतो ते पडद्यावरचे गोल. निळ्यावर हिरवे. प्रत्येक जहाज दर काही मिनिटांनी 'मी इथे आहे, इतक्या वेगाने, या दिशेला' असं सांगत असतं. उपग्रह ते ऐकतो आणि आमच्याकडे गोल उमटतो. ज्यांचा माल असतो ते फोन करून विचारतात, "आमचं कुठवर आलं?" आम्ही सांगतो.

ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. समुद्र तिथून तीनशे किलोमीटर, मध्ये एक घाट. एसी गळतो म्हणून खाली बादली ठेवलीय. आमच्या ऑफिसात खरं पाणी तेवढंच.

साहेबांना आम्ही होकायंत्र म्हणतो. त्यांना कसंही फिरवा, शेवटी सुट्टी नाकारण्याकडेच वळतात.

नियम एकच. जहाज सहा तास गप्प बसलं, की मागचा वेग आणि मागची दिशा धरून ते आत्ता कुठे असेल ते काढायचं, आणि तिथे पोकळ गोल टाकायचा. पोकळ म्हणजे अंदाज, भरीव म्हणजे खरं. नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात, आणि बाथरूमची किल्ली कुठे टांगलेली असते ते. गोलासोबत एक रकाना असतो, 'शेरा' नावाचा. तो कुणी भरत नाही.

लागोपाठ दहा दिवस पोकळ गोल आले, की फाइल पलीकडच्या खोलीत जाते. तिथे एक बाई बसतात. त्यांचा आवाज फार मऊ आहे. त्या घरच्यांना फोन करतात.

२

दाजी गव्हाच्या जहाजावर सेकंड इंजिनियर. जहाजाचं खरं नाव लांबलचक आणि उगाच भारदस्त आहे. दाजी त्याला म्हैस म्हणायचे. रुंद, संथ आणि मनात आलं तर अडून बसणारं.

पहिल्यांदा ते ताईला बघायला आले तेव्हा मी त्यांच्या चहात मीठ घातलं होतं. त्यांनी कप संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "समुद्राची सवय आहे." तेव्हापासून माणूस मला आवडला.

ताईला आठवा महिना लागला म्हणून मी तिच्याकडे राहायला आलो होतो. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताई घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. लोकांच्या चुका शोधणं हा तिचा धंदा आहे आणि छंदही. रोज सकाळी मी निघायच्या आधी ती माझ्या लॅपटॉपसमोर बसायची, पोटावर कप टेकवून, आणि म्हैस बघायची.

मंगळवारी म्हैस गप्प झाली.

"हा गोल पोकळ का आहे?"

"अंदाजाचा आहे. तिकडे हवा खराब असेल. ट्रान्समीटरवर पाणी गेलं असेल. होतं असं."

"किती वेळा होतं?"

"सारखं होतं गं."

सारखं होत नाही. बुधवारी गोल पोकळ. गुरुवारी पोकळ. दाजींचे मेसेज जहाजाच्या दुसऱ्या यंत्रावरून यायचे. तेही बंद. गुरुवारी ताईने एक आख्खं प्रूफ तपासलं आणि त्यात तिला एकही चूक सापडली नाही. मी घाबरलो.

शुक्रवारी सकाळी मी तिच्या आधी उठलो, गणित केलं, गोल टाकला. आणि भरला.

नुसता भरीव गोल बघून ती प्रश्न विचारेल म्हणून शेऱ्यातही लिहिलं: 'हवा छान. समुद्र शांत.'

तिने खूप वेळ तो गोल बघितला. मग म्हणाली, "बरं झालं," आणि उठून कप धुतला.

दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला. दाजींचा मेसेज. 'हवा छान. समुद्र शांत.'

३

मी काही वेडा नाही. मी विचार केला. यंत्र बंद पडलेलं, दुरुस्त झालं, हवा सुधारली, माणसाने हवा सुधारली असं लिहिलं. हवेबद्दल आणखी वेगळं काय लिहिणार? मला इतका आनंद झाला की खाली जाऊन केळी घेऊन आलो. का, ते माहीत नाही. सुचलं ते आणलं.

ऑफिसात मात्र म्हैस गप्पच होती. उपग्रहाला ऐकूच येत नव्हतं. मेसेज येतोय आणि गोल येत नाही म्हणजे ट्रान्समीटर बिघडलाय, जहाज ठीक आहे. मी पुन्हा गणित केलं, पुन्हा भरीव गोल टाकला. आता तर तो जवळजवळ खराच होता.

शनिवारी ताई जरा हसली पाहिजे म्हणून मी म्हशीला भर समुद्रात आठचा आकडा काढायला लावला. छोटासा, बारा मैलांचा. शेऱ्यात लिहिलं: 'स्वयंपाकी गातोय.'

ताई हसली नाही. ती पडद्याजवळ गेली आणि बोटाने त्या आठावरून फिरली, एखादा कागदावरचा शब्द पुसट असला की फिरते तशी.

दुपारी मेसेज आला. ताईने मोठ्याने वाचला. "सकाळपासून गोल गोल फिरतोय. कॅप्टनला कारण विचारलं तर म्हणतो माहीत नाही. स्वयंपाकी गातोय."

"किती दिवस झाले, त्यांनी 'जेवलीस का' विचारलं नाही," ती म्हणाली.

"गडबडीत असतील."

"आठ काढण्याच्या?"

मी पाणी प्यायला उठलो. ग्लासातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला असणार, असं मी ठरवलं. मिक्सर तासभर चालला.

४

त्यानंतरचे दिवस आठवायला गेलं की ते सगळे एकाच दुपारसारखे वाटतात. खिडकीत धुकं, टेबलावर प्रुफांचा गठ्ठा, आणि निळ्यावर सरकणारा एक हिरवा ठिपका. ताई रोज विचारायची, "जवळ येतंय ना?" आणि मला नाही म्हणता यायचं नाही. मी रोज थोडं जवळ आणायचो. म्हैस एरवी बारा नॉटच्या वर पळत नाही. रविवारी मी तिला अठराने पळवलं. सोमवारी सव्वीसने.

ऑफिसात होकायंत्र माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"गव्हाचं जहाज सव्वीसने?"

"वारा मागून आहे सर."

"वारा मागून असायला ते काय पतंग आहे?" ते म्हणाले. मग भरीव गोल बघून पुढे गेले. भरीव गोलाशी आमच्या ऑफिसात कुणी वाद घालत नाही.

त्या संध्याकाळचा मेसेज ताईने मोठ्याने वाचला नाही. फोन माझ्याकडे सरकवला.

'इंजिन कालपासून बंद आहे. मीच बंद केलं, बेअरिंग तापलं होतं. तरी वेग सव्वीस. खाली इंजिनरूममध्ये बसलोय. काहीच आवाज नाही. छान वाटतं.'

इंजिनबद्दल मी शेऱ्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हणजे हे दाजीच. मी जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला. आणि सोडता सोडता आठवलं, की रविवारी मी अंगाला साबण लावता लावता स्वतःशीच म्हणालो होतो, सव्वीसने पळवलं तर बिचाऱ्याचं बेअरिंग तापेल.

५

मंगळवारी मी ऑफिसच्या जिन्यात बसून दाजींना मेसेज केला. ताईच्या फोनवरून नंबर घेतला होता. मला फक्त खात्री करायची होती. मला माहीत नसलेलं काहीतरी विचारायचं होतं.

'दाजी, तुम्ही आणि ताईने बाळाचं नाव ठरवलंय म्हणे. मला कुणी सांगत नाही. काय ठरवलंय?'

उत्तर लगेच आलं. समुद्रातून मेसेज यायला वेळ लागतो, हा लगेच आला.

'तू सांग.'

'मला माहीत नाही, म्हणून तर विचारतोय.'

'तुला माहीत नाही तर मला कसं माहीत असेल?'

जिन्यात कुणी नव्हतं. वरून एसीच्या बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता, टप, टप. मी फोन पालथा ठेवला. मग विचार केला की दाजी चेष्टा करतायत. मीठ प्यालेला माणूस आहे, इतकी वर्षं थांबून आता उट्टं काढतोय. चांगलीच जमलीय. मी एकटाच जिन्यात बसून हसलो. बराच वेळ हसलो.

वर जाऊन मी म्हशीला बंदराबाहेर नांगर टाकून उभं केलं. वेग शून्य. किनाऱ्यापासून चार मैल. शेरा कोरा ठेवला. आता पुढे काही करायचं नाही, असं ठरवलं.

६

बुधवारी सकाळी गोल घाटात होता.

भरीव. हिरवा. तिसऱ्या वळणावर. वेग अकरा नॉट.

मी टाकला नव्हता. मी डोळे मिटले, उघडले, चष्मा पुसला. मी चष्मा लावत नाही, तो शेजारच्या टेबलावरचा होता. मग मी होकायंत्रांना हाक मारली. ते आले, वाकले, बघितलं.

"जमिनीवर आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"सिग्नल भरकटतो कधीकधी. मागे एक टँकर आठवडाभर विमानतळावर उभा होता. लोक उगाच घाबरतात. पुढचं बघ."

"सर, अर्धी सुट्टी हवी होती."

त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात गोल पुढच्या वळणावर सरकला. आम्ही दोघांनी पाहिलं. तो वळण घेत होता, रस्ता घेतो तसं. आपल्या बाजूने.

"जा," होकायंत्र म्हणाले.

बसमध्ये मी फोनवर बघत होतो. घाट उतरला. टोलनाक्यावर जरा थांबला. हमरस्ता सोडला. आमच्या शहरात शिरला तेव्हा बसच्या काचा थरथरत होत्या, पण बसच्या काचा थरथरतातच. बाहेर धुकं इतकं दाट होतं की अकरा वाजता दुकानांचे दिवे लागलेले. फुटपाथवर लोक नेहमीसारखे चालत होते. फक्त सगळे एकाच बाजूने चालत होते, भिंतीला धरून. मोठं वाहन येणार असलं की चालतात तसे. मागे वळून मात्र कुणी बघत नव्हतं.

७

ताई खिडकीत होती. केस विंचरलेले, साडी नेसलेली. घरी ती कधी साडी नेसत नाही.

"ताई, खिडकी लाव."

"का?"

"सांगतो. आधी लाव. मी एक मूर्खपणा केलाय."

"गोल भरलास. शुक्रवारी." तिने मान वळवलीसुद्धा नाही. "अरे, तू खरं बोलतोस तेव्हा एवढी माहिती देत नाहीस. हवा छान, समुद्र शांत, स्वयंपाकी गातोय. लहानपणी बरणी फोडलीस तेव्हा मांजराचा रंगसुद्धा सांगितला होतास. आपल्याकडे मांजर नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण मेसेज आला." ती शांतपणे म्हणाली. "तू बंदरात आणून सोडलंस. तिथे सोडून कसं चालेल? समुद्र संपला हे खरं, पण पुढे रस्ता चांगला आहे. तू सकाळी अंघोळीला गेलास तेव्हापासून मी एकेक गोल टाकतेय. घाटात त्यांना जरा त्रास झाला असेल."

मी टेबलाकडे पाहिलं. माझा लॅपटॉप उघडा होता. मी तो रोज घरी विसरायचो. त्या दिवशीही विसरलो होतो. शेवटचा गोल आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता.

"ताई, ते दाजी नाहीत. ते मला माहीत असलेले दाजी आहेत. मी नाव विचारलं बाळाचं, त्यांना सांगता आलं नाही."

"तुला माहीत नव्हतं ना."

"हो!"

"मग कसं सांगतील?" ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आलं बघ."

गल्लीच्या टोकाला एका बाजूला औषधांचं दुकान आहे, दुसऱ्या बाजूला शिंप्याचं. मध्ये एरवी आभाळ दिसतं. तिथे आता आभाळ नव्हतं. तिथे लोखंड होतं, काळं, पाचव्या मजल्याइतकं उंच, आणि ते अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत होतं. गंजाचा तो लांब ओघळ मी ओळखला. शिडीजवळचा पोचाही ओळखला. आमच्या ऑफिसात म्हशीचा एकच फोटो आहे, डाव्या बाजूने काढलेला, आणि हे तेच होतं. खाली कोपऱ्यात, शिंप्याच्या पाटीच्या वर, हवेत नारिंगी आकडे तरंगत होते. फोटोवर छापलेली तारीख.

मग ते वळलं. आमच्या गल्लीकडे वळलं, आणि वळता वळता वहीचं पान कडेने धरल्यासारखं बारीक होत गेलं, होत गेलं, एक रेघ उरली. दुसरी बाजू नव्हतीच. मी ती कधी पाहिली नव्हती.

भिजलेल्या गव्हाचा वास आला. मग आभाळ परत दिसलं.

आणि खाली, जिन्यात, पावलं वाजली.

८

पहिला मजला. दुसरा. एकसारखी पावलं, भिंतीवरच्या घड्याळासारखी. आमच्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर ती थांबली.

मी दाराच्या भोकातून पाहिलं. मला पूर्ण सांगता येणार नाही, कारण पूर्ण काही नव्हतंच. राखाडी शर्ट होता. चेहरा होता, दाजींचाच, हसरा, माझ्या बाजूला वळवलेला. पण जिथे मी दाजींकडे कधी नीट पाहिलं नव्हतं, कान, मनगटं, मानेची मागची बाजू, तिथे काहीच ठरलेलं नव्हतं. तिथे नजर टिकत नव्हती, घसरत होती. तो माणूस पायरीवर उभा होता आणि वाट बघत होता. दार उघडायची नाही. आणखी कशाची तरी.

"ताई," मी कुजबुजलो, "अजून वेळ आहे. मी गोल परत समुद्रात टाकतो. जिथून गप्प झालं तिथे. पोकळ. आणि मग त्या बाईंचा फोन येईल, आणि आपण…"

"आणि आपण काय?"

मी खुर्चीत बसून लॅपटॉप पुढे ओढला.

"उठ," ती म्हणाली. "सरक."

ती खुर्चीत बसली, एक हात पोटावर, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला लागली. प्रूफ तपासताना लिहिते तशी, न थांबता, ओठ घट्ट मिटून. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. 'उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, बोराएवढा.' 'कानाच्या पाळ्या चिकटलेल्या.' 'मानेवर केस उलटे वाढतात.' 'दमले की डावा पाय ओढतात.'

जिन्यातली पावलं पुन्हा सुरू झाली. एक टक् वाजलं, मग एक फरफट. टक्, फरफट.

"ताई, बास कर."

'आत येताना आधी चपला बघतात, कोण आलंय ते कळायला.' 'जेवलीस का असं विचारतात आणि उत्तर ऐकत नाहीत.' 'बाळाचं नाव', आणि तिने ते लिहिलं, आणि मी पहिल्यांदाच वाचलं. चांगलं नाव आहे. दाराबाहेर कुणीतरी ते हळूच म्हणून पाहिलं.

मी भिंतीला टेकलो. बाहेर दाजींचा खोकला ऐकू आला, खराखुरा, मी विसरून गेलेला खोकला.

ताईचा हात थांबला. ती पडद्याकडे बघत राहिली, एखादी ओळ बरोबर दिसते पण बरोबर नाही, तेव्हा बघते तशी. मग तिने शेवटची ओळ लिहिली.

'पोहता येतं.'

लग्नानंतर आम्ही तिघं एकदा तलावावर गेलो होतो. दाजी कमरेएवढ्या पाण्यात कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते, तासभर, आणि आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. बारा वर्षं बोटीवर काढलेला माणूस.

"ताई," मी म्हणालो, "दाजींना पोहता…"

"आता येतं," ती म्हणाली, आणि टेबलाला धरून उठली, दार उघडायला.